मठ सोडणारा बैरागी

कसाऱ्यास गाडीच्या मागें जादा इंजिन लागतें आणि गाडी थळघाट चढूं लागते. १८६५ सालीं हा लोहमार्ग घाटांतून खुला झाला, तेव्हांपासून गोदावरीच्या यात्रेची वाट आपल्या दारावरून जात आहे. शहापूर-मुरबाडकडील भाविक पंचवटीच्या स्नानास याच वाटेनें वर जातात, आणि मुंबईचे शीख बांधव नांदेडच्या हुजूर साहिबाच्या दर्शनास निघाले म्हणजे त्यांचीही गाडी याच घाटांतून जाते. हीं दोन क्षेत्रें एकाच नदीच्या कांठीं आहेत, एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु एका पुरुषाच्या चरित्रानें तीं दोन्ही जोडलेलीं आहेत, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच ध्यानांत असेल. त्यानें पंचवटीस साधना केली, नांदेडास मठ बांधला, आणि तेथें एका गुरूंची शिकवण कानीं पडतांच तो भरला मठ मागें टाकून दिला. इतिहास त्यास बंदा बहादूर या नांवानें ओळखतो. पंजाबांत त्याचें नांव घरोघर आहे. जेथें त्याचें आयुष्य पालटलें त्या महाराष्ट्रांत मात्र तें क्वचितच कानीं येतें. म्हणून त्याचें चरित्र आज थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

राजौरी हें जम्मूच्या डोंगराळ मुलखांतील गांव. तेथें २७ ऑक्टोबर १६७० रोजीं रामदेव नांवाच्या शेतकऱ्याच्या घरीं लछमनदेव जन्मला. लेखन-वाचनापेक्षां घोडा, धनुष्यबाण व शिकार यांचीच त्यास गोडी अधिक. परंपरा असें सांगते कीं, तारुण्याच्या उंबरठ्यावर असतां त्यानें एक हरिणी मारिली. तिचें पोट चिरतांच आंत दोन पाडसें निघालीं व त्याच्या डोळ्यांदेखत तीं तडफडून मेलीं. या एका प्रसंगानें त्याचें मन शिकारीवरूनच काय, सर्व संसारावरून उडालें. जानकीप्रसाद नांवाच्या बैराग्याचा त्यानें अनुग्रह घेतला, माधोदास हें नवें नांव धारण केलें आणि साधूंच्या जमातींबरोबर तीर्थें करीत तो दक्षिणेस उतरला. पंचवटीस औघडनाथ नांवाच्या वृद्ध योग्याची त्यानें सेवा केली, त्याजपासून योगाचे व मंत्रतंत्राचे पाठ घेतले, आणि त्या योग्याच्या निधनानंतर नांदेडास येऊन गोदावरीच्या तीरीं स्वतःचा मठ स्थापिला.

मठ लवकरच नांवारूपास आला. माधोदासास सिद्धि प्राप्त आहे, त्याच्या आसनावर दुसरा कोणी बसला तर तो उलथून पडतो, अशी ख्याति पसरली. शिष्य जमले, शिधा येऊं लागला, नवस होऊं लागले. हा मनुष्य लबाड होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचा अनुताप खराच होता. परंतु त्या अनुतापाचें पुढें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. एका मुक्या हरिणीचें दुःख पाहून ज्यानें घर सोडलें, त्याची सारी शक्ति अखेर आलेल्या पाहुण्यास आसनावरून पाडण्याच्या कामीं लागली. नदीच्या काठावर मठ शांत होता. परंतु त्या काळीं बादशाही फौजांनीं तुडविलेल्या दक्षिणेंत रयत किती शांत होती, हें वाचकांस सांगावयास नको. वैराग्य हें दुःखितांकडे जाण्याची वाट न राहतां दुःखितांपासून दूर राहण्याची सोय होऊन बसतें, तें असें. आमच्या देशांत असे मठ पूर्वीं पुष्कळ होते आणि आजही त्यांची वाण नाहीं.

अशा या मठांत १७०८ च्या सप्टेंबरांत गुरु गोविंदसिंग आले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर गादीवर आलेला बहादूरशहा आपल्या भावावर चालून दक्षिणेंत उतरला होता. त्याच सुमारास गुरूंचा मुक्काम नांदेडास पडला. गुरूंच्या मागें दोनशें वर्षांची परंपरा होती. गुरु नानकांनीं (१४६९–१५३९) पंजाबांत जी शिकवण दिली, तिचें सार थोडक्यांत असें कीं, ईश्वर एक आहे, तो निराकार आहे, आणि त्यास भेटण्यासाठीं अरण्यांत जाण्याचें कारण नाहीं. मनुष्यानें प्रपंचांत राहावें, आपल्या हातांनीं कष्ट करून मिळवावें, मिळविलेलें वांटून खावें आणि नाम विसरूं नये. पंगतीस सर्वांनीं एका ओळींत बसावें. तेथें राजा व रंक, ब्राह्मण व अंत्यज हा भेद मानूं नये. त्यांच्या लंगराचा अर्थ हाच आहे.

दहाव्या गुरूंनीं या शिकवणीस शिस्तीची व शस्त्राची जोड दिली. १६९९ च्या वैशाखीस आनंदपूर येथें त्यांनीं शिर देण्यास कोण तयार आहे असें विचारलें, तेव्हां एकामागून एक पांच जण उठले. लाहोरचा एक खत्री, हस्तिनापूरचा एक जाट, जगन्नाथपुरीचा एक पाणक्या, द्वारकेचा एक छिंपी आणि बीदरचा एक न्हावी असे ते पांच होत. त्या पांचांस गुरूंनीं एकाच लोखंडी कटोऱ्यांतून अमृत पाजिलें, आणि मग स्वतः हात जोडून त्यांच्याच हातून तें घेतलें. शिष्यांपासून दीक्षा घेणारा गुरु आमच्या देशांतील धर्मेतिहासांत दुसरा दाखवितां येणें कठीण आहे. त्या पांचांतील पांचवा, साहिबसिंग, हा आपल्या मराठी मुलखास लागून असलेल्या बीदरचा होता, आणि जातीनें न्हावी होता, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी.

नांदेडास आले त्या वेळीं गुरूंच्या घरांत दुःखानें कळस गांठला होता. वडील गुरु तेगबहादूर यांचा १६७५ सालीं दिल्लीस शिरच्छेद झाला होता. चार पुत्रांपैकीं दोघे चमकौरच्या लढाईंत पडले. दोघां लहानग्यांस सरहिंदचा सुभेदार वजीरखान यानें ठार करविलें. असा हा पुरुष माधोदासाच्या मठांत शिरला आणि सरळ जाऊन त्याच्या आसनावर बसला. बैराग्यास वार्ता कळली. परंपरा सांगते कीं, त्यानें आपले सर्व मंत्र चालवून पाहिले, परंतु आसन हललें नाहीं. सिद्धि खरी कीं खोटी या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. ज्यानें चार पुत्र गमावूनही आपलें काम सोडलें नाहीं, त्यास आसनावरून पाडणें कोणत्याही मंत्रास साधणारें नव्हतें, एवढें आम्हांस कळतें. माधोदास तेथें आला, गुरूंशीं बोलला, आणि मी आपला बंदा आहें, म्हणजे सेवक आहें, असें म्हणून त्यानें पायांवर डोकें ठेविलें. तेंच त्याचें नांव झालें. दीक्षेचें नांव गुरुबख्शसिंग. परंतु लोकांनीं त्यास बंदासिंग याच नांवानें ओळखिलें.

गुरूंनीं त्यास दुसरा मठ दिला नाहीं, जप दिला नाहीं, दैवी अंगारा दिला नाहीं. पांच बाण, एक निशाण, एक नगारा, सल्ल्यास पांच शीख, बरोबर वीस-पंचवीस माणसें आणि पंजाबांतील शिखांस लिहिलेलीं आज्ञापत्रें एवढेंच दिलें; आणि जुलूम चालला आहे तेथें जाण्यास सांगितलें. शिवाय कांहीं बंधनें घातलीं: शुद्ध आचरण ठेवावें, पांचांच्या सल्ल्यानें वागावें आणि स्वतःस गुरु म्हणवूं नये. लवकरच, ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं, एका पठाणानें केलेल्या जखमेच्या परिणामीं गुरूंनीं नांदेडासच देह ठेविला. जाण्यापूर्वीं यापुढें कोणी देहधारी गुरु नाहीं, ग्रंथ हाच गुरु, असें त्यांनीं ठरवून दिलें. गुरुपणाची गादी स्वतःच्या हातानें मोडणाऱ्या पुरुषाचा बंदा हा अखेरचा मोठा शिष्य होय.

१७०९ सालीं बंदा पंजाबच्या हद्दीवर पोहोंचला तेव्हां त्याजपाशीं फौज नव्हती, खजिना नव्हता. परंतु गुरूंचीं पत्रें गांवोगांव फिरलीं आणि नांगर धरणारे, सुतार, चांभार, झाडूवाले असे लोक त्याच्या निशाणाखालीं जमूं लागले. २६ नोव्हेंबर १७०९ रोजीं त्यानें समाना घेतलें. पुढें साढौरा घेतला. तेथील अधिकाऱ्यानें गुरूंस साह्य करणाऱ्या पीर बुद्धूशहा या मुसलमान साधुपुरुषाचा छळ केला होता. १२ मे १७१० रोजीं छप्परचिरीच्या मैदानावर वजीरखान मारला गेला आणि दोनच दिवसांनीं सरहिंद बंद्याच्या हातीं आलें. नांदेडास अंगास भस्म फांसून बसणारा बैरागी वीस महिन्यांच्या आंत सतलज-यमुनेमधील मोठ्या मुलखाचा धनी झाला.

या विजयांबरोबर रक्तपातही झाला, हें झांकून ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं. समाना व सरहिंद येथें दोषी व निर्दोषी यांचा भेद सर्वत्र पाळला गेला नाहीं. पिढ्यान्पिढ्या दडपलेल्या लोकांच्या हातीं एकाएकीं शस्त्र आलें म्हणजे जें होतें, तें तेथें झालें. चरित्र सांगतांना नायकाच्या चुका गाळणें हा वाचकांशीं अप्रामाणिकपणा होय. परंतु दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. बंद्याचें युद्ध इस्लामाशीं नव्हतें. १७११ सालीं कलानौर येथें त्यानें मुसलमानांस अभय दिलें, त्यांच्या बांगेस व नमाजास मोकळीक दिली, त्यांस रोजमुरा बांधून दिला आणि त्यामुळें ५,००० मुसलमान त्याच्या फौजेंत दाखल झाले, अशी नोंद खुद्द मोगल दरबाराच्या बातमीपत्रांत आहे. शत्रूच्या दप्तरांतील ही साक्ष असल्यामुळें तिचें मोल अधिक आहे. जे कोणी आज बंद्याचें नांव घेऊन दोन धर्मांत वैर पेटवूं पाहतील, त्यांनीं हें पान आधीं वाचावें.

राज्य हातीं आल्यावर त्यानें काय केलें, यांत गुरूंच्या शिकवणीची खरी परीक्षा होती. त्यानें डोंगराच्या पायथ्याशीं मुखलिसगडास लोहगड असें नांव देऊन तेथें राजधानी केली आणि नाणें पाडलें. परंतु त्या नाण्यावर स्वतःचें नांव घातलें नाहीं. गुरु नानक व गुरु गोविंदसिंग यांचीं नांवें घातलीं. त्याच्या मुद्रेंत पंगतीच्या पातेल्यास तलवारीच्या बरोबरीचें स्थान होतें. म्हणजे भुकेल्यास अन्न देणें व दुबळ्याचें रक्षण करणें हीं राजाचीं दोन कामें होत, असा त्याचा अर्थ.

त्याहून मोठी गोष्ट जमिनीची. त्या मुलखांत जमीनदार हे मोगल अमलाचे आधारस्तंभ होते. कसणारा हा त्यांचा केवळ राबता गुलाम होता. पीक त्यानें काढावें आणि धारा, नजराणा, वेठ यांच्या नांवाखालीं तें दुसऱ्यानें न्यावें, असा क्रम होता. बंद्यानें ही मालकी मोडून कसणाऱ्यासच जमिनीचा धनी केलें, असें इतिहासकार नमूद करितात. उत्तरकालीन मोगलांचा इतिहास लिहिणारा विल्यम आर्विन यानें तर असें वर्णन केलें आहे कीं, हलकी मानलेली कामें करणारा झाडूवाला किंवा चांभार घर सोडून बंद्याकडे जाई आणि थोड्याच दिवसांत अधिकाराची सनद घेऊन आपल्या गांवीं परते. गांवचे प्रतिष्ठित लोक हात जोडून त्याच्या स्वागतास सामोरे येत. आनंदपूरचा तो एक कटोरा या ठिकाणीं गांवच्या दप्तरांत उतरला. धर्म ग्रंथांत राहतो तोंवर त्यास कोणी विरोध करीत नाहीं. तो सात-बाऱ्यांत उतरूं लागला कीं त्याचे वैरी दिसूं लागतात. बंद्याचे वैरीही असेच वाढले.

बादशहा स्वतः चालून आला. १७१० च्या डिसेंबरांत लोहगड पडला. परंतु बंदा निसटला व डोंगरांतून लढत राहिला. पुढें फर्रुखसियर गादीवर आल्यावर लाहोरचा सुभेदार अब्दुस्समदखान यानें त्यास गुरदासपूरजवळ गुरदास नंगल येथील एका हवेलींत कोंडलें. तो वेढा आठ महिने चालला. धान्य संपलें, जनावरें संपलीं; अखेर झाडाचा पाला व सालीं खाऊन माणसें दिवस कंठूं लागलीं. त्यांतच बिनोदसिंग या वृद्ध सहकाऱ्याशीं मतभेद झाला आणि तो आपली माणसें घेऊन निघून गेला. ७ डिसेंबर १७१५ रोजीं हवेली पडली. बंदा आपल्या पत्नी व मुलासह कैद झाला.

फेब्रुवारी १७१६ अखेर त्याची दिल्लींत धिंड निघाली. लोखंडी पिंजऱ्यांत घालून त्यास हत्तीवर बसविलें होतें. मागें ७०० हून अधिक कैदी होते. पुढें रोज शंभरांप्रमाणें त्यांचा शिरच्छेद झाला. धर्म सोडील त्यास जीवदान असें जाहीर होतें. खाफीखान या समकालीन मुसलमान इतिहासकारानें एका मुलाची हकीकत दिली आहे. त्याच्या विधवा आईनें, आपला मुलगा शीख नाहीं, तो बळेंच धरलेला आहे, असा अर्ज करून त्याच्या सुटकेचा हुकूम आणिला. त्या मुलानें आई खोटें बोलत आहे असें सांगितलें आणि तो आपल्या सोबत्यांच्या रांगेंत जाऊन उभा राहिला. त्या वेळीं इंग्रज कंपनीचे वकील जॉन सर्मन व एडवर्ड स्टीफन्सन हे व्यापाराच्या सवलती मिळविण्यासाठीं दिल्लींत होते. मालाचे भाव व जकातीचे दर यांचीच चिंता वाहणाऱ्या त्या लोकांनींही १० मार्च १७१६ च्या पत्रांत, एवढ्या कैद्यांपैकीं एकानेंही धर्म बदलल्याचें दिसलें नाहीं, असें कलकत्त्यास कळविलें.

बंद्याची पाळी ९ जून १७१६ रोजीं आली. कुतुबमिनाराच्या बाजूस, मेहरौलीस, आधीं त्याच्या चार वर्षांच्या मुलास, अजयसिंगास, त्याच्या समोर मारलें आणि मग त्याचे हाल हाल करून त्यास ठार केलें. एकेकाळीं दोन पाडसें मरतांना पाहून जो संसार सोडून पळाला, तो या वेळीं आपल्या पोटच्या पोराचा वध पाहूनही शांत राहिला, असें लिहिणारे लिहितात. पहिल्या वेळीं दुःखानें त्यास मनुष्यांपासून दूर नेलें; दुसऱ्या वेळीं तो मनुष्यांसाठीं दुःख सोसत होता. या दोन मरणांमध्यें जें अंतर आहे, तेंच त्याचें चरित्र, आणि तें अंतर त्याच्याकडून नांदेडच्या गुरूंनीं तोडविलें.

बंदा हरला असें म्हणणारे म्हणोत. त्यास मारविणारा फर्रुखसियर तीनच वर्षांनीं, १७१९ सालीं, आपल्याच वजिरांच्या हातून पदच्युत होऊन मारला गेला. त्या उलाढालींत बाळाजी विश्वनाथाबरोबर गेलेली मराठ्यांची फौज दिल्लींत हजर होती. पंजाबांत मात्र नांगरधाऱ्याच्या मनांत एकदां उतरलेली मालकीची जाणीव पुन्हा मरूं शकली नाहीं. तिच्यांतूनच खालसाच्या मिसली उभ्या राहिल्या, पुढें रणजितसिंगाचें राज्य आलें, आणि त्याच रणजितसिंगाच्या काळांत नांदेडास गुरूंच्या समाधिस्थानीं हुजूर साहिबाची आजची इमारत उभी राहिली.

आतां हें चरित्र आम्हांस काय सांगतें? आमचे वाचक बहुतेक पांढरपेशे, दुकानदार व व्यापारी आहेत. त्यांच्याकडून तलवारीची अपेक्षा कोणी करीत नाहीं, आणि करूंही नये. आज कायदा आहे व न्यायालयें आहेत. परंतु पंगतीचें पातेलें अद्याप तसेंच आहे. आपल्या शहापूर-मुरबाडच्या रानांत ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी राहतात. कुळांस संरक्षण देणारा कायदा १९४८ सालीं झाला; १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारा तोच मालक असें ठरलें; वेठबिगार १९७६ च्या कायद्यानें गुन्हा ठरली. बंद्यानें पंजाबच्या कांहीं जिल्ह्यांत थोडे दिवस जें केलें, तें आम्हीं कागदावर लागू केलें आहे. असें असतां अनेक कातकरी कुटुंबांजवळ स्वतःची गुंठाभर जमीन नाहीं. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो म्हणून तीं उचल घेतात, आणि दिवाळी झाली कीं ती उचल फेडण्यासाठीं पोरांबाळांसह वीटभट्टीवर जातात. हिशेब कोणाच्या वहींत असतो? ज्यास वाचतां येतें त्याच्या. हंगामाच्या अखेरीस फेड झाली कीं नाहीं, हें कोण सांगतो? तोच. मग पोराची शाळा बुडते, आणि पुढील वर्षीं तोच पोर बापाच्या जागीं उभा राहतो.

मठांत बसलेला माधोदास दुष्ट नव्हता. तो फक्त दूर होता. आम्हीही बहुधा दुष्ट नसतों. एकादशीस उपास करितों, पंचवटीस बुडी मारितों, सप्त्यास वर्गणी देतों, आणि दारांत उभ्या असलेल्या मजुरास हिशेब विचारूं देत नाहीं. नांदेडच्या गुरूंनीं त्या बैराग्यास जो धडा दिला तो आम्हांसही लागू आहे: ज्या साधनेनें शेजाऱ्याचा भार तिळभरही हलका होत नाहीं, ती साधना करणाऱ्याचें आसन कधींतरी रिकामें करावेंच लागतें.

म्हणून आमचें व्यापारी बंधूंस मागणें थोडें व स्पष्ट आहे. उचलीचा हिशेब दोन प्रतींत ठेवा आणि एक प्रत मजुराच्या हातीं द्या. तो निरक्षर असेल तर शाळेंत जाणाऱ्या त्याच्या पोराकडून ती मोठ्यानें वाचून घ्या. फेड झाली कीं त्याच दिवशीं खातें बंद करा. मजुरी ठरल्या दिवशीं, पूर्ण आणि त्याच्याच हातीं द्या. त्याचें पोर गांवांतच राहून शिकेल अशी सोय चार दुकानदारांनीं मिळून केली तर कोणाचेंही दिवाळें निघणार नाहीं. आणि घरच्या कार्यांत त्यास जेवावयास बोलाविलें तर आपल्याच पंगतींत, आपल्याच ओळींत बसवा. एवढें ज्यानें केलें, त्यानें घाट न चढतांही नांदेडची यात्रा पुरी केली, असें आम्ही समजूं.